‘कॅल्शियम बंद करणारी’ गोळी आणि मेंदूतल्या बारीक धमन्या

प्रश्न : नमस्कार. माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत. बरीच वर्षं बीपी आहे, रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम घ्यायचे. मार्चमध्ये चक्कर आली म्हणून धंतोलीत एमआरआय केला. रिपोर्टमध्ये ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, बीपी सांभाळा. मग शेजारच्या काकांनी मोबाइलवर गोळीचं नाव टाकून वाचलं आणि म्हणाले, “ही तर कॅल्शियम बंद करणारी गोळी आहे बाप्पा! हाडं ठिसूळ होतील. अन् मेंदूच्या नसा आधीच आखडल्या, त्यात अजून काहून बंद करून राहिले?” झालं. बाबांनी आठ दिवसांपासून गोळी सोडली. म्हणतात, काहीच फरक पडला नाही, उलट संध्याकाळी पाय सुजायचे ते कमी झाले. सासूबाई गुडघ्यांसाठी कॅल्शियम घेतात, त्यांनाही आता धाकधूक. माझा मुलगा नीटची तयारी करतोय. तो म्हणतो, पोटॅशियमनं मेंदूतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आजोबांना संत्री, केळी, नारळपाणी द्या. कोणाचं ऐकू?
— एक सून, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, आधी घाईचं काम. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन करा आणि बाबांनी ती सोडलीय हे न लपवता सांगा. फोन करण्याआधी घरीच बीपी मोजा. बाबांना पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, आणि मशीन चालू असताना कोणी बोलायचं नाही. मिनिटभरानं पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सांगा. बुडालेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या एकदम देऊ नका.

‘आठ दिवसांत काही फरक पडला नाही’ हे वाचून मला नवल वाटलं नाही. अ‍ॅम्लोडिपिन अंगात रेंगाळणारं औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, उरलेल्याचं निम्मं व्हायला पुन्हा तेवढेच. म्हणजे गोळी बंद केली तरी आठवडाभर, कधी दहा दिवससुद्धा तिचा थोडाफार अंमल चालू असतो. बाबा ज्या दिवसांचा दाखला देतायत ते बरेचसे जुन्या गोळ्यांच्या जिवावर निघालेले आहेत. शिवाय बीपी चढलं तर कळेलच, असं धरून चालू नका. बहुतेकांना ते कळत नाही, म्हणून तर मशीन लागतं.

आता काका. त्यांनी वाचलं ते बरोबर, लावलेला अर्थ उलटा. गोळीचा वर्ग ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ हाच आहे. पण ती अन्नातलं कॅल्शियम अडवत नाही, हाडातलं काढत नाही आणि रक्तातलं कमी करत नाही. आपल्या अंगातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं काम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी करतात, आणि त्या कामात ही गोळी ढवळाढवळ करत नाही. तिचं काम मुख्यतः धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींवर, त्यातही एका ठरावीक प्रथिनावर.

हे प्रथिन म्हणजेच चॅनल. पेशीच्या आवरणात ते आरपार रुतलेलं असतं, मधून बारीक वाट असते, ती उघडते आणि मिटते. कुठलं चॅनल फक्त कॅल्शियमला सोडतं, कुठलं फक्त पोटॅशियमला. अशा एकेका चॅनलमधून वाहणारा इवलासा विद्युतप्रवाह नेहर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मोजून दाखवला, त्यासाठी त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलाला ही नावं पुढे भेटतीलच.

स्नायूला कॅल्शियम कशाला हवं, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, आणि गमतीशीर रीतीनं कळलं. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडायचं. पुढे लक्षात आलं की द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात नाही, नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाण्यात केल्यावर धडधड थांबली. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे सगळं घडवत होतं. १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं. दवाखान्यात आरएलची सलाइन लावतात ना, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर.

हृदयाचं जे, तेच धमनीचंही. मेंदूतल्या बारीक धमन्यांभोवती स्नायूपेशी कड्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. पेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर, आत त्याच्या जवळपास दहा हजारावा हिस्सा. चॅनल उघडलं की कॅल्शियम आत घुसतं, स्नायू आवळतो, धमनी अरुंद होते. चॅनल मिटलं, आतलं कॅल्शियम बाहेर काढलं गेलं, की स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. म्हणजे काकांना ‘बंद’ या शब्दाची जी भीती वाटली ती उगाच होती. गोळी बंद करते ते कॅल्शियमची वाट, आणि त्यानं धमनी उघडते.

‘आखडलेल्या’ नसांबद्दलही थोडं सांगते. मेंदूच्या बारीक धमन्या निरोगी माणसातही थोड्या आवळलेल्याच असतात, आणि तशाच असायला हव्यात. पूर्ण सैल धमनी आणखी सैल होणार कशी? अर्धवट आवळलेली असली की दोन्हीकडे जायला जागा राहते. हा अर्धवटपणा विजेवर ठरतो. प्रयोगशाळेत अशी धमनी नेहमीच्या दाबाखाली ठेवून मोजली तर स्नायूपेशीच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ४० मिलीव्होल्टनं ऋण असतो. एवढ्या ऋणतेला कॅल्शियमची थोडी चॅनल उघडी राहतात. ऋणता थोडी घटली की जास्त उघडतात, वाढली की मिटतात. मोजक्या मिलीव्होल्टचा फरक धमनीची रुंदी बदलायला पुरतो. आणि रुंदीतला थोडा फरक रक्ताच्या वाहण्यात मोठा होतो, कारण सरळ नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो. त्रिज्या १० टक्क्यांनी घटली की प्रवाह एक तृतीयांशानं घटतो. मुलाला करायला सांगा, ०.९ चा चौथा घात.

ही वीज कोण हलवतं? एक तर खुद्द रक्तदाब. १९०२ मध्ये बेलिस या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की धमनीतला दाब वाढवला की ती फुगून बसत नाही, उलट आवळते. आज आपल्याला माहीत आहे की भिंत ताणली गेली की टीआरपी नावाच्या कुळातली काही चॅनल कामाला लागतात, त्यातून सोडियमसारखे धन आयन (विद्युतभार असलेले कण) आत येतात, ऋणता घटते आणि कॅल्शियमची चॅनल उघडतात. बाबा जिना चढले, बीपी वर गेलं, तरी मेंदूत रक्ताचा लोंढा येत नाही तो यामुळे. बीपी खाली आलं की हेच उलट होतं. जुन्या पाठ्यपुस्तकांत ही सांभाळणूक सरासरी दाब ६० पासून १५० पर्यंत चालते असं दिलेलं असतं. प्रत्यक्षातला पट्टा अरुंद असावा, असं आता मानतात.

पण आवळणाराच असेल आणि आवरणारा नसेल तर धमनी मिटूनच जायची. आवर घालतं पोटॅशियम. पेशीत ते भरपूर असतं, त्याचं चॅनल उघडलं की बाहेर पडतं, जाताना धनभार घेऊन जातं, पेशी जास्त ऋण होते, कॅल्शियमची चॅनल मिटतात. यातला एक प्रकार मला फार आवडतो. स्नायूपेशीच्या आत कॅल्शियमची एक साठवणही असते. तिच्यातून आवरणाच्या अगदी लगत कॅल्शियमची क्षणभराची ठिणगी उडते. आता कॅल्शियम वाढलं म्हणजे स्नायू आवळायला हवा की नाही? इथे उलट होतं. ठिणगी इतकी छोटी आणि इतक्या कडेला असते की पेशीभर कॅल्शियम वाढत नाही. पण शेजारीच बसलेली पोटॅशियमची मोठी चॅनल ती उघडते आणि धमनी सैलावते. १९९५ मध्ये मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी हे ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत मांडलं. एकच कॅल्शियम, पेशीत सगळीकडे पसरलं तर आवळतं, कडेला ठिणगी होऊन उडालं तर सैलावतं. म्हणून कोणी ‘कॅल्शियम नसांना चांगलं की वाईट’ असं विचारलं की मी उत्तरच देत नाही.

आता नीटवाल्या चिरंजीवांकडे. पोरगा हुशार आहे, त्यानं खरंच ताजं काहीतरी वाचलंय. मेंदूचं वजन अंगाच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के, आणि पुढच्या वेळेसाठी साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. त्यामुळे जो भाग कामाला लागेल तिथे सेकंद-दोन सेकंदांत जास्त रक्त पोचावं लागतं. कामाचा आणि रक्ताचा असा मेळ असतो, हे रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी १८९० मध्येच सुचवलं होतं. धमनीला निरोप पोचतो कसा, हे मात्र हळूहळू उलगडतंय. चेतापेशी काम करताना पोटॅशियम बाहेर टाकतात. त्यांच्याभोवतीच्या द्रवात ते एरवी लिटरमागे ३ मिलिमोलच्या आसपास असतं. तिथे ते वाढलं की केशवाहिन्यांच्या पेशींवरची पोटॅशियमची एक खास चॅनल, केआयआर २.१, जास्त मोकळी होतात. त्या पेशी ऋण होतात, ती ऋणता शेजारच्या पेशीत, तिथून पुढच्या पेशीत अशी प्रवाहाच्या उलट दिशेनं वर सरकते आणि वरच्या बारीक धमनीचा स्नायू सैल करते. केशवाहिनीला स्वतःभोवती असा स्नायू नसतो, ती फक्त कळवते. पाटाच्या शेवटच्या शेतात पाणी कमी पडलं की तो शेतकरी आपल्या बांधावर काही करू शकत नाही, वरच्या दारावरच्या माणसाला हाक मारतो, तसंच हे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या, नेल्सन यांच्याच गटानं २०१७ मध्ये उंदरांत हे दाखवलं.

तर यंत्रणा त्याची बरोबर. संत्र्याचा निष्कर्ष चुकला. हे पोटॅशियम तिथल्या तिथे चेतापेशींनी सोडलेलं असतं, ताटातून आलेलं नसतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा आहे, रक्तातलं पोटॅशियम थोडं वर-खाली झालं तरी मेंदूतल्या द्रवात ते फारसं हलत नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. तोच द्रव १५-२० मिलिमोलच्या वर गेला तर धमनी आवळते. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाल्यावर असं काहीसं होत असावं, असा प्राण्यांवरच्या अभ्यासांचा रोख आहे. त्या आजारात निमोडिपिन देतात, दर चार तासांनी, २१ दिवस. तेही कॅल्शियम चॅनल ब्लॉकरच. पण ते त्या प्रसंगाचं औषध. ‘मेंदूसाठी खास’ म्हणून अ‍ॅम्लोडिपिनऐवजी ते मागायला जाऊ नका.

फळं द्याच. भाज्या-फळांतल्या पोटॅशियमनं बीपी थोडं उतरायला मदत होते, ती मूत्रपिंडाच्या आणि एकूण धमन्यांच्या वाटेनं. संत्र्यांचा मृग बहार आटोपत आलाय, मेमध्ये चांगल्या संत्र्यांचा हट्ट धरायची गरज नाही. केळं, टरबूज, जे मिळेल ते. एकच अट. बाबांना मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर रोजचं नारळपाणी आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या फार वर गेलं तर हृदयाची लय बिघडते. क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी अलीकडे झाली नसेल तर करून घ्या.

एमआरआयमधल्या डागांबद्दल, म्हणजे रिपोर्टमधल्या ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’बद्दल (बारीक वाहिन्यांतून रक्त कमी पोचल्यानं झालेले बदल), खरं ते सांगते. ही गोळी ते पुसणार नाही, कुठलीच गोळी पुसत नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीनं बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, कुठे त्यांतला स्नायूच झिजतो, आणि इतका वेळ जे सांगितलं ते आवळणं-सैलावणं मंदावतं. अ‍ॅम्लोडिपिनचा फायदा तिथे मुख्यतः बीपी ताब्यात ठेवल्यामुळे होतो. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात हे डाग कमी वाढले, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. फरक छोटा होता, पण होता. बाबांसाठी कुठला आकडा योग्य, ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. कारण वय आणि चक्कर दोन्ही धरून ठरवावं लागतं. उंदरांमध्ये, बारीक वाहिन्यांच्या एका आनुवंशिक आजारात, मंदावलेली केआयआर चॅनल पुन्हा जागी करता आली, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलंय. वाचायला सुंदर. दुकानात मिळणारं त्यातून अजून काही आलेलं नाही, कोणी ‘नसा मोकळ्या करणारं’ म्हणून काही विकत असेल तर पैसे वाचवा.

आणि आता मला वाटतं तो खरा मुद्दा, जो तुम्ही जाता जाता लिहिलात : पायांची सूज. काकांचं बोलणं निमित्त झालं असेल, पण संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला की माणूस गोळीवर खार खातोच. ही सूज अ‍ॅम्लोडिपिनची ओळखीची खोड आहे. पायाकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या रुंदावतात, परत आणणाऱ्या शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. पाणी साठलेलं नसतं, सरकलेलं असतं, म्हणून लघवी जास्त करवणाऱ्या गोळीचा इथे फारसा उपयोग होत नाही. डोस कमी करणं किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडीला देणं, यानं बऱ्याचदा उतरते. मात्र एकाच पायाला सूज असेल, दुखत असेल, किंवा दम लागत असेल तर ती गोळीची समजू नका, लगेच दाखवा. डॉक्टरांशी बोलताना ‘गोळी नको’ म्हणण्यापेक्षा ‘सूज नको, काय बदलता येईल’ असं विचारा, काम लवकर होईल.

चक्करेचंही एक राहिलं. मार्चमधली चक्कर डागांमुळेच होती असं रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला जातो, घामावाटे पाणी-मीठ जातं, कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि कूलरसमोर दुपारची झोप काढून माणूस तटकन उठला की बीपी घसरतं. जुन्या बीपीवाल्यांच्या मेंदूची सांभाळणूक वरच्या दाबांना सरावलेली असते, तिला ही घसरण जास्त लागते. म्हणून बीपी बसून मोजल्यावर उभं करून मिनिटभरानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर तेही फोनवर सांगा. उन्हाळ्यापुरता डोस बदलावा लागतो कधीकधी, पण तो त्यांनी बदलायचा, काकांनी नाही. बाबांना उठताना आधी काठावर बसायची सवय लावा. बागेत भराभर खोल श्वास घ्यायचे प्रकार करत असतील तर तेही चक्कर असेपर्यंत नकोत. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूतल्या धमन्या लगेच आवळतात.

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, जीभ अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर बीपी मोजत बसू नका. १०८ ला फोन, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा, तिथे पहिला प्रश्न तोच असतो.

सासूबाईंच्या कॅल्शियमचा बाबांच्या गोळीशी काही संबंध नाही, दोघांचे डबे शेजारी ठेवले तरी चालतील. ते कॅल्शियम डॉक्टरांनी सांगितलंय की गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलंय, एवढं मात्र विचारा. गुडघ्यांच्या झिजेला त्याचा फारसा उपयोग नसतो. आणि त्यांना थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी.